हाताला लागलेले वळण

भाऊबीजेला बहिणीने ओवाळावयाचे आणि भावाने तबकात ओवाळणी घालावयाची, इतका तो साधा व्यवहार. पण २०२२ सालच्या भाऊबीजेला बेळगावी धाकट्या बहिणीच्या घरी पाटावर बसलो, तेव्हा खिशातल्या पाकिटापेक्षा मनातली एक गोष्ट मला फार जड झाली होती. ती तबकात घालण्याजोगी नव्हती. आणि तशीच मनात घेऊन पाटावरून उठणे हेही मला साधणार नव्हते. त्या गोष्टीत एक जुनी जीप आहे, माझा भाचा आहे, आंबोली घाटातले एक उजवे वळण आहे, आणि तीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकविलेला एक गृहस्थ आहे. या शेवटच्या गृहस्थाविषयी माझे मत पूर्वीइतके चांगले राहिलेले नाही.

जीप माझ्या थोरल्या बंधूंची. १९६८ सालची. दाणोलीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आमची काजूची बाग आहे, आणि तिथली वाट अशी की पावसाळ्यात बैलसुद्धा विचार करून पाऊल टाकतो. त्या वाटेवर दादांनी ही गाडी उभे आयुष्य चालविली. दादा गेले आणि मी नोकरीतून मोकळा झालो, त्या २०१५ साली बागेबरोबर जीपही माझ्या वाट्याला आली. तिला दारे नाहीत, कमरेचे पट्टे नाहीत. चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचतो, एवढेच तिचे ऐश्वर्य. तिच्यावर माझा जीव जडला. जुन्या वस्तूवर माणसाचा जीव जडतो त्याचे एक कारण, मला वाटते, तिच्या खोडी आपल्यालाच तेवढ्या ठाऊक असतात, हे असावे. घरातल्या जुन्या कपाटाचे दार पाहुण्याला उघडत नाही. कुठे किंचित उचलावे आणि कुठे गुडघ्याने दाबावे हे आपण जाणतो, आणि पाहुण्यादेखत ते उघडताना मनातल्या मनात थोडे फुशारतोही. माझे सारे रामायण त्या फुशारकीतून झाले.

२०२२ सालच्या एप्रिलमध्ये भाचा आमच्याकडे राहावयास आला होता. नोकरीवर रुजू होण्यापूर्वीचे त्याचे ते मोकळे दिवस. घरात घनसाळ तांदूळ संपत आला होता. तो आजऱ्याहून आणावयाचा, म्हणून जीप घेऊन तो सकाळी घाट चढून गेला, आणि परतताना, उताराला, दोन पोती मागे घालून येत असता एका उजव्या वळणावर गाडी डाव्या अंगाच्या कठड्यावर जाऊन आदळली. कठडा मजबूत होता. पोराचे हासळीचे हाड मोडले, त्यावरच भागले. रस्ता कोरडा होता, ऊन लख्ख होते, समोरून वाहन नव्हते. म्हणजे पावसावर, धुक्यावर किंवा ट्रकवाल्यावर ढकलून मोकळे व्हावे अशी सोय नव्हती.

मी इस्पितळात पोचलो. पोरगा शुद्धीवर आहे, बोलतो आहे, एवढे पाहिल्यावर धास्तीची जागा रागाने घेतली. "किती वेगात होतास?" हा माझा पहिला प्रश्न. तो म्हणाला, "वेगात नव्हतो, मामा. ब्रेक दाबला, आणि ती वळेचना." यावर मी एक छोटेखानी व्याख्यान दिले. म्हटले, तू नक्की फोर-व्हील टाकून घाट उतरला असशील. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. या जुन्या गाडीत दोन्ही जोड्या एकमेकींशी पक्क्या बांधल्या गेल्या की चिखलात एखादे चाक जरासे घसरून तो हिशेब पुरा करते. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, आणि सारी ओढाताण स्टेअरिंगवर येते. शिवाय पुढच्या चाकांना जोर पोचविणारा जो सांधा आहे, तो कार्डान नावाच्या सोळाव्या शतकातल्या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो, आणि तो वाकला की सारखा फिरत नाही. रॉबर्ट हूकने सतराव्या शतकातच हे हेरले होते. चाक तीस अंशांत वळले असेल तर एका फेऱ्यात ते दोनदा शेकडा पंधराने घाईत येते आणि दोनदा शेकडा तेराने रेंगाळते. स्टेअरिंग हिसके देते ते त्यामुळे!

यातले प्रत्येक वाक्य खरे होते. पोरगा उशीवर मान ठेवून ऐकत होता. "फोर-व्हील टाकली नव्हती," एवढेच तो म्हणाला. मी मान हलविली. त्या मान हलविण्याचा अर्थ त्याला बरोबर कळला. बेळगावी बहिणीलाही मी फोनवर तेच सांगितले, आणि ती बिचारी, भाऊ तर्कशास्त्राचा प्राध्यापक, म्हणून माझा शब्द प्रमाण मानून त्याला बोलली. बरीच बोलली. त्यानंतर पोराने स्टेअरिंगला हात लावला नाही. हाड सहा आठवड्यांत सांधले. पण पुढे त्याच्या मित्रांनी गोव्याची सहल काढली तेव्हाही तो मागच्या बाकावर बसून गेला, असे कानांवर आले.

आमच्या सौभाग्यवतींचा स्वभाव तडजोडीचा. त्या म्हणाल्या, "अहो, निम्मी चूक त्याची, निम्मी गाडीची. सोडून द्या." घरातली भांडणे मिटविण्यास निम्मेनिम मोठे उपयोगी पडते. पण याच गाडीने मला शिकविले आहे की वळणावर दोन्ही बाजूंना सारखे वाटून चालत नाही. आतल्या अंगाच्या चाकाला बाहेरच्यापेक्षा अधिक वळावे लागते. दोन्ही सारखीच वळली तर दोन्ही फरफटतात. लंडनमध्ये अकरमन नावाच्या गृहस्थाने १८१८ साली याच तत्त्वाच्या जुळणीचे पेटंट घेतले, तेही घोडागाड्यांसाठी. दोषाच्या वाटणीतही कोण आतल्या अंगाला होता हे आधी पाहावे लागते, आणि मी तर त्या दिवशी घाटात नव्हतोच! निदान अशी माझी समजूत होती.

जीप सावंतवाडीला मिस्त्रीकडे नेली ती चेपलेला मडगार्ड आणि फुटलेला दिवा बदलण्यासाठी. या मिस्त्रीने दादांच्या वेळेपासून ती गाडी पाहिलेली. त्याने ती रस्त्यावर फिरवून आणली आणि मला विचारले, "सर, ब्रेक मारलो की गाडी डावीकडे जाता. ह्या कधीपासून?"

मी हसलो. म्हटले, आपण डाव्या बाजूने गाड्या चालवितो, आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता असतो. गाडी डावीकडे झुकते ती रस्त्याच्या उतारामुळे. मिस्त्रीने वाद घातला नाही. त्याने मला गाडीत घातले, गावाबाहेरच्या सपाट मैदानावर नेले, आणि तिथे ब्रेक दाबला. मैदानाला कसला उतार! गाडीने नाक डावीकडे वळविले.

खरे कारण हे दुसऱ्या खऱ्या कारणाला लपावयास फार चांगली जागा असते, हे मला तेव्हा कळले. खोट्या कारणाचा कधी ना कधी संशय तरी येतो. रस्त्याचा उतार खोटा नव्हता. त्याने गाडी थोडी झुकतही असेल. पण कार्यापुरते कारण सापडले की बुद्धी तिथे बैठक मारते, पुढे जाण्याचे तिला कारण उरत नाही. मिल्लने आपल्या १८४३ सालच्या ग्रंथात एकाच कार्याला अनेक कारणे संभवतात हे सविस्तर सांगितले आहे, आणि मी ते दरवर्षी नेमाने फळ्यावर लिहीत असे.

मिस्त्रीने पुढे जे केले ते पाहताना तर माझे जुने वर्ग डोळ्यांपुढे आले. प्रथम त्याने दोन्ही पुढच्या चाकांतली हवा सारखी केली. फरक नाही. मग डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे बसविले. दोष टायरमध्ये असता तर तोही बाजू बदलून गेला असता. तो गेला नाही. आमच्या नैयायिकांनी ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हटले ते हेच, पण इतक्या स्वच्छ रीतीने ते मी कोणास समजाविले असेन असे वाटत नाही. मग पुढचा भाग जॅकवर उचलून त्याने प्रत्येक चाक वर-खाली हलविले, आडवे हलविले; वर-खाली हलले तर किंगपिन किंवा बेअरिंग, आडवे हलले तर टाय रॉडची टोके. पोराला स्टेअरिंग इकडून तिकडे हलविण्यास सांगून स्वतः खाली आडवा झाला आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवून पडून राहिला. डोळ्यांना जो प्ले दिसत नाही तो तळहाताला लागतो म्हणे. नंतर दोन्ही ड्रम उघडून ब्रेकचे लायनर पाहिले. उजव्या लायनरला तेल लागले असते तर ब्रेक डावीकडेच धरला असता. लायनर कोरडे होते.

आता माझ्याच्याने राहवेना. मी म्हटले, "मग दोष आहे तरी कुठे?" तो काही बोलला नाही. त्याने टेप घेतला आणि उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजले. ऐंशी इंच. डाव्या बाजूला मोजले. पाऊण इंच कमी.

पुढचा आख्खा आस डाव्या अंगाला पाऊण इंच मागे सरकला होता. या गाडीचा आस पाट्यांवर बसविलेला असतो, आणि पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो, त्याला सेंटर बोल्ट म्हणतात. पाटे एकमेकांवर आणि आस पाट्यांवर आपापल्या जागी राहतो तो त्या बोटभर बोल्टामुळे, आणि वरून यू-बोल्टांनी आवळल्यामुळे. डावीकडचे यू-बोल्ट सैल होते आणि सेंटर बोल्ट तुटलेला होता. ब्रेक दाबला की डावे चाक आस घेऊन मागे सरके, आणि गाडी तोंड डावीकडे फिरवी. चढावर ब्रेक लागत नाही, म्हणून पोराला जाताना घाटात काही झाले नाही. उतरताना दोन पोती पाठीशी होती.

बुडत्याने काडी धरावी तसा मी अजून एक युक्तिवाद धरून होतो. म्हटले, बोल्ट तुटला म्हणून गाडी आदळली, की गाडी आदळली म्हणून बोल्ट तुटला? एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत आधीची कोणती, हा तर आमच्या शास्त्राचा आवडता सापळा. मिस्त्रीने तुटका बोल्ट पुसून माझ्या हातावर ठेवला. आठवड्यापूर्वी तुटलेले लोखंड आतून करडे, चकचकीत असते. हा तुकडा आरपार तांबडा होता. त्यावर निदान एका पावसाळ्याचा गंज होता. आणि पाट्यावर, जिथे आस पुढे-मागे सरकत होता, तिथे घासून घासून आरशासारखी लकाकणारी खाच पडली होती.

तो तुकडा हातात धरून उभा असताना मला २०१९ सालचा जून आठवला. त्या वर्षी बागेच्या ओढ्यात गाडी दणकन आदळून डाव्या अंगाचा एक पाटा तुटला होता. याच मिस्त्रीने नवा पाटा घातला आणि निघताना म्हणाला होता, "आठ दिवसांनी परत घेऊन या, नवीन पाटे बसले की यू-बोल्ट पुन्हा आवळूक व्हये." आठ दिवसांनी पाऊस कोसळत होता. पंधरा दिवसांनी गाडी छान चालत होती. पुढे ते राहिलेच. मिस्त्रीला हे आठवत होते की नाही, कोण जाणे. मी विचारले नाही आणि तो बोलला नाही. त्याचे ते न बोलणे मला अजून ऐकू येते.

पण माझी खरी फजिती अजून व्हावयाची होती. गाडी दुरुस्त झाली, टेप दोन्ही बाजूंना ऐंशी इंच दाखवू लागला. मी चालवून पाहिली. ब्रेक दाबला, आणि गाडी उजवीकडे गेली! पुन्हा दाबला, पुन्हा उजवीकडे. मी संतापून परत आलो आणि म्हटले, तुम्ही आस दुसऱ्या अंगाला जास्त ओढलात. मिस्त्रीने मला पुन्हा त्याच मैदानावर नेले. "हात सोडून ब्रेक मारा, सर." मी हात सोडले. गाडी सुतासारखी सरळ उभी राहिली.

"गाडीक दोष नाय," तो म्हणाला. "तुमच्या हाताक सवय लागली."

तीन वर्षे माझा पाय ब्रेकवर जाण्याआधी माझे हात स्टेअरिंग किंचित उजवीकडे ओढीत आले होते. गाडीचा दोष जसजसा दोऱ्याएवढा वाढला तसतसा हात दोऱ्याएवढा सरकला, आणि दोघांची वजाबाकी होऊन मला रस्ता सरळ दिसत राहिला. वळण या शब्दाची मौज पाहा. रस्त्याला वळण असते, मुलांना चांगले वळण लावतात, आणि लहानपणी पाटीवर अक्षर गिरविले की हाताला वळण लागते. माझ्या हाताला वळण लागले होते ते एका मोडक्या बोल्टाचे. आणि मी ती गाडी, "अगदी शहाणी गाडी आहे," असे सांगून अशा मुलाच्या हाती दिली, की ज्याचे हात सरळ होते.

आता प्रश्न असा की, यात मी दोषी कितपत? मला माहीत नव्हते, हे सत्य आहे. माहीत असूनही दिली असती तर तो सरळसरळ अपराध; त्याविषयी निबंध लिहिण्याची गरज नाही. पण जे माझ्या हाताला ठाऊक होते आणि मला नव्हते, त्याचा जाब कोणी द्यावयाचा? काही दिवस मी हातावर ढकलून पाहिले. शरीर आपोआप शिकते, आपल्याला विचारीत नाही, वगैरे. ॲरिस्टॉटल म्हणतो की अज्ञान जर मनुष्याने स्वतःच ओढवून घेतले असेल तर ते त्याला वाचवीत नाही. नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा असे, असा तो दाखला देतो. पण मी काही नशेत नव्हतो. ओढवून घेणे आणि हळूहळू होऊ देणे यांत अंतर आहे, असे मी स्वतःला पटवीत होतो.

मग एका रात्री अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह काढला. शिकविताना ज्यावरून मी भरभर पुढे जात असे तो भाग. संस्कार तीन प्रकारचा, असे तिथे सांगितले आहे: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे चालत्या वस्तूचा जोर. स्थितिस्थापक म्हणजे वाकविलेली वस्तू पुन्हा पूर्ववत होते तो गुण. आणि भावना म्हणजे अनुभवाने उमटलेला, स्मरणाला कारण होणारा ठसा. मला हसू आले. उतारावरची गाडी, तिचे पाटे आणि माझी सवय. तिन्ही संस्कार एकाच जीपमध्ये बसून घाट उतरत होते! पण पुढच्या शब्दाशी हसू थांबले. वेग आणि स्थितिस्थापक यांना अन्नंभट्ट पृथ्वीसारख्या द्रव्यांत जागा देतो. भावना मात्र आत्म्याच्याच ठिकाणी राहते, अन्यत्र नाही. हाताला तो ती ठेवू देत नाही. हे शास्त्र आजच्या शरीरविज्ञानाला मान्य होणार नाही, मज्जातंतूंचे जाणकार काही वेगळे सांगतील. तरीही हाताच्या नावावर मांडलेले कर्ज माझ्याच खात्यावर परत आले, आणि तिथे २०१९ सालची एक जुनी बाकी आधीच मांडलेली होती. आठ दिवसांनी या, हे वाक्य हाताला नव्हे, मला सांगितलेले होते. त्या दिवशी मला माहीत होते. माहीत नसणे नंतर सुरू झाले, आणि ते मला फार सोयीचे पडले.

हे सारे मी पाटावर बसून सांगितले. इतके लांबण लावून नव्हे; बोल्ट, गंज, मिस्त्रीचा निरोप, एवढेच. बहिणीच्या हातात तबक होते. निरांजनाची वात तिने बोटाने उगाच पुढे सारली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सहा महिने मी त्याला बोलत होते. ते बोलणे आता परत कसे घ्यायचे?" हा प्रश्न तिने मला विचारला की स्वतःला, ते मला कळले नाही.

भाचा दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मामा, मला जातानाच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"ब्रेक दाबला की ती डावीकडे जाते ते. दाणोलीच्या बाजारातच कळलं."

"मग परत का आला नाहीस? मला बोलला का नाहीस?"

"तुम्ही इतकी वर्षं तीच गाडी चालवताय," तो म्हणाला, "म्हटलं, आपल्यालाच जमत नसेल."

माझ्या साऱ्या फुशारकीचा त्या पोराला झालेला उपयोग हा! गाडीचा दोष त्याच्या सरळ हाताला पहिल्या दहा मिनिटांत कळला, आणि तो त्याने माझ्या भरवशावर स्वतःच्या नावावर लिहून घेतला. बहिणीने ओवाळले. मी तबकात पाकीट ठेवले. करंज्या खाल्ल्या. पोराला मी काही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी निघताना फक्त जीपची किल्ली त्याच्यापुढे धरली. त्याने ती बराच वेळ घेतली नाही. बहीण स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. मग त्याने घेतली.

आंबोलीवर धुके होते, खाली उतरलो तसे ते विरळ झाले. तो सावकाश, खालच्या गिअरमध्ये उतरत होता. ते वळण आले. कठड्याचा नवा चिरा इतरांपेक्षा उजळ दिसत होता. त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी ओळीत राहून, गुमान, उजवीकडे वळली. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, हे बरे झाले. मी डाव्या बाजूला मांडीवर बहिणीने दिलेला फराळाचा डबा धरून बसलो होतो, आणि माझ्या दोन्ही हातांनी तो डबा उजवीकडे ओढला होता.